वर्तन विश्लेषण चार भिंतींत शिकवता येत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर लहान मुलांच्या ‘बिहेवियर थेरपी’ केंद्रांविषयी आलेली बातमी वाचली. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथं अशी केंद्रं आता नवी राहिलेली नाहीत. तालुक्याच्या गावांतही मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. बातमीदारानं फी किती, जागा केवढी, डॉक्टर कितीदा येतात हे सगळं विचारलं, ते बरं केलं. पण त्या खोलीत चटईवर लेकरासमोर बसलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला हे काम शिकवलं कुणी, हा प्रश्न बातमीत आला नाही. त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी आम्हा विद्यापीठातल्या शिक्षकांची आहे, म्हणून हे पत्र.

मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात मानसशास्त्र शिकवते. वर्तन विश्लेषण, म्हणजे ही ‘बिहेवियर थेरपी’ ज्यावर उभी आहे ते शास्त्र, हा माझा विषय. एम.ए. करून बाहेर पडलेल्या आमच्या मुली आणि मुलं याच केंद्रांत नोकरीला लागतात. पहिल्याच महिन्यात त्यांच्यासमोर स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल येतं, अजिबात न बोलणारं मूल येतं, स्वतःच्या डोक्यावर बुक्क्या मारून घेणारं मूल येतं. आणि आम्ही त्यांना काय देऊन पाठवलेलं असतं? बहुतेक ठिकाणी एका पेपरातलं एक युनिट. पावलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर, स्किनरचा उंदीर, प्रबलनाचे (म्हणजे वागणं वाढवणाऱ्या परिणामाचे) प्रकार, दहा गुणांचा एक प्रश्न आणि दोन टिपा. मला आपल्या वाचकांपुढे एकच गोष्ट मांडायची आहे: हे लेकराजवळ बसून, रोज नोंदी ठेवून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकायचं काम आहे, आणि मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी ते तसं शिकवायला सुरुवात केली पाहिजे.

विषय नेमका काय, ते आधी थोडक्यात सांगते. माणूस असा का वागतो याचं उत्तर त्याच्या स्वभावात, नशिबात किंवा आईच्या लाडांत शोधत न बसता, त्या वागण्याच्या अगदी आधी काय घडलं आणि लगेच नंतर त्याच्या पदरात काय पडलं, हे पाहायचं. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून याची मांडणी केली. पुढं १९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ले या तिघांनी हे शास्त्र घर, शाळा, दवाखाना इथल्या माणसांच्या उपयोगी आणायचं तर ते कसं असावं, याचे सात निकष लिहून ठेवले. त्यातला एक असा की बदल माणसाच्या रोजच्या जगण्यात दिसला पाहिजे आणि टिकला पाहिजे. मी शिकवताना साती निकष शिकवते, पण वारंवार परत येते ती याच निकषाकडे. का, ते पुढं सांगते.

सेमिस्टरच्या सुरुवातीला मी विद्यार्थ्यांना पुस्तक उघडायला सांगत नाही. एक वही, मोबाइलमधलं घड्याळ आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी, एवढंच लागतं. वर्गाच्या मागं बसायचं, एक मूल निवडायचं आणि पाहायचं. पहिल्या वह्या येतात त्यांत ‘मुलगा हट्टी आहे’, ‘अभ्यासात लक्ष नाही’, ‘घरच्यांनी लाडावून ठेवलाय’ असं लिहिलेलं असतं. मी वही परत देते आणि विचारते, तुझ्याजागी मी मागच्या बाकावर बसले असते तर मला काय दिसलं असतं? मग हळूहळू वही बदलते. ‘अकरा वाजून दहा मिनिटांनी पाटी जमिनीवर टाकली.’ ‘शेजारच्याचा हात ओढला.’ आता दोन माणसं वेगवेगळी बसून पाहू शकतील आणि दोघांची नोंद जुळेल. इथवर पोचायला काही विद्यार्थ्यांना कितीतरी आठवडे लागतात, आणि लागू द्यावेत असं माझं मत आहे. पुढचं सगळं याच सवयीवर उभं राहतं.

हिंगोली जिल्ह्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीची वही मी आजही दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. तिसरीतला मुलगा. बाई म्हणायच्या, ‘रोज शिक्षा करते मी ह्याला, वर्गाच्या बाहेर उभं करते, तरी काही फरक नाही.’ या मुलीनं रोज जाऊन लिहिलं. कवितेच्या तासाला काही नाही. परिसर अभ्यासाला काही नाही. भागाकार फळ्यावर आला की पाटी खाली, शेजाऱ्याला चिमटा, आरडाओरडा. मग बाई त्याला व्हरांड्यात पाठवणार. व्हरांड्यात काय? वारा, समोर लिंबाचं झाड आणि भागाकार नाही. पाटी टाकली की गणितातून सुटका, हे त्या लेकराला बाईंच्याच हातून रोज शिकायला मिळत होतं. याला आमच्या शास्त्रात ऋण प्रबलन म्हणतात: नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळं एखादं वागणं वाढणं.

पुढं तिनं काय केलं, ते जास्त महत्त्वाचं. तिनं बाईंशी बोलून भागाकाराची सोपी उदाहरणं आधी ठेवली, आणि मुलाला शिकवलं की अवघड वाटलं तर हात वर करून ‘बाई, जरा थांबू का?’ असं विचारायचं. विचारलं की लगेच थोडा वेळ विसावा मिळायचा. मागणी ओरडून करण्याऐवजी बोलून करता येते, हे एकदा कळलं की ओरडण्याची गरज उरत नाही; कार आणि ड्युरँड या अभ्यासकांनी १९८५ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं होतं. विसाव्याआधी सोडवायची उदाहरणं तिनं एकेक करून वाढवत नेली. सत्र संपताना तो मुलगा भागाकाराचा पूर्ण तास वर्गात बसत होता. बाईंनी तो आलेख तिच्याकडून मागून घेतला आणि दुसऱ्या एका मुलासाठी तसंच करून बघू या म्हणाल्या. त्या मुलीला त्या सेमिस्टरमध्ये जे कळलं, ते मी फळ्यावर लिहून कधीच शिकवू शकले नसते.

आता बाजारात मिळणारी गाइडं पाहा. ‘ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा’ असं त्यांत सर्रास छापलेलं असतं. मुलं तेच पाठ करतात, परीक्षेत तेच लिहितात, आणि तपासणारा घाईत असला तर गुणही पडतात. परीक्षेपुरती ही चूक दोन गुणांची. पण हीच समजूत घेऊन एखादी मुलगी थेरपी केंद्रात बसली, आणि टेबलावरचं काम ढकलून देणाऱ्या लेकराला दर वेळी ‘शिक्षा’ म्हणून कोपऱ्यात नेऊन बसवू लागली, तर ती त्या लेकराला रोज तासभर काम ढकलायलाच शिकवील. आई-वडील त्या तासाचे पैसे भरतील आणि महिन्यानं विचारतील, ‘मॅडम, लेकरू तर जास्तच करायलंय, कामून?’

प्रात्यक्षिकाच्या जर्नलविषयीही लिहिलं पाहिजे, कारण रोग तिथूनच सुरू होतो. आरशातलं रेखाटन, स्मृती, चक्रव्यूह शिकणं, ही प्रात्यक्षिकं पिढ्यान् पिढ्या चालू आहेत. अनेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या जर्नलवरून आकडे उतरवले जातात, आलेख छान गुळगुळीत येतो, बहिःस्थ परीक्षक सही करतात. यात मुलांना दोष देऊन भागत नाही. साठ-सत्तर विद्यार्थी, एक शिक्षक, एक अपुरी प्रयोगशाळा असली की असंच होणार. पण वर्तन विश्लेषणाचा सगळा जीव नोंदीत आहे. आमच्याकडं शंभर लोकांची सरासरी काढून निष्कर्ष सांगत नाहीत. एकाच लेकराच्या आजच्या नोंदीची त्याच लेकराच्या कालच्या नोंदीशी तुलना करतात. आधी काही न करता नुसतं मोजायचं, मग एक बदल करायचा आणि मोजत राहायचं, शक्य आणि योग्य असेल तर तो बदल काढून घेऊन पुन्हा मोजायचं. खऱ्या लेकराचा आलेख कधी गुळगुळीत नसतो. तो सोमवारी वर जातो, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कोसळतो, मामाच्या गावाहून आल्यावर चार दिवस कशातच बसत नाही. माझ्याकडं असा वेडावाकडा आलेख आला की मी आनंदानं तो पुढं ओढून घेते आणि विचारते, या दिवशी काय झालं होतं? उत्तर देता आलं तर त्या विद्यार्थ्यानं मूल पाहिलं आहे.

नोंद ठेवायची सवय नसलेला थेरपिस्ट सगळ्यात जास्त अडतो तो विलोपनाच्या वेळी. एखाद्या वागण्याला आजवर जे मिळत होतं ते मिळायचं बंद झालं की ते वागणं पुढं कमी होतं, हे पुस्तकात असतं. कमी होण्याआधी ते बहुधा वाढतं, हे मुलं वाचून विसरतात. म्हणून मी त्यांना उन्हाळ्यातला हापसा आठवायला सांगते. पाणी येईनासं झालं की बाई लगेच घागर उचलून परत जात नाही. आधी जोरजोरात हापसते, दांडा वर-खाली आदळते, मग थांबते. मोबाइल काढून घेतलेलं लेकरूही आधी जास्त मोठ्यानं रडतं. हे आईला आधीच सांगून ठेवलेलं नसलं तर ती नेमकी सगळ्यात मोठ्या किंकाळीला मोबाइल परत देते, आणि यापुढं किंकाळी तेवढीच मोठी लागते. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर ‘दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल’ असं सांगणं धोक्याचं आहे. तिथं अनुभवी माणूस जवळ असल्याशिवाय कुणी हात घालू नये. हे शिकवायला मला वर्गात एक तास पुरतो. ते अंगवळणी पाडायला एक मूल, त्याची आई आणि विद्यार्थ्याच्या खांद्याशी बसलेला शिक्षक लागतो.

आता बदल टिकण्याच्या त्या निकषाकडं येते. केंद्रात शिकलेलं घरी टिकतं का? आपल्याकडं बहुतेक वेळा ते टिकत नाही, आणि त्याचं एक मोठं कारण केंद्रातली भाषा आणि केंद्रातल्या वस्तू हे आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांबरोबर काही केंद्रांत जाऊन बसले आहे. चित्रांच्या कार्डांवर स्ट्रॉबेरी, इग्लू, पेंग्विन. सूचना ‘सिट डाऊन’, ‘लुक अॅट मी’, ‘गिव्ह मी’. समोरचं लेकरू एका तांड्यावरचं. घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. दुसरं लेकरू परभणीच्या एका मोहल्ल्यातलं, घरी दखनी उर्दू. ते ‘सिट डाऊन’ म्हटलं की बसतं, याचा आलेख केंद्रात भिंतीवर लावलेला. घरी आजी तिच्या भाषेत ‘बस’ म्हणते तेव्हा ते बसत नाही. आजीला वाटतं लेकरू ऐकत नाही. लेकराला तर त्या शब्दाशी काही जोडूनच दिलेलं नाही.

न बोलणाऱ्या मुलाला पहिला शब्द कोणता शिकवायचा, यावर मी एक पूर्ण तास घेते. विद्यार्थ्यांची उत्तरं येतात: आई, नमस्कार, स्वतःचं नाव. मी म्हणते, त्याला काय हवं असतं ते आधी बघा. मार्चमध्ये आमच्याकडं ते बहुतेक वेळा पाणी असतं. तहान लागलेल्या लेकराला ‘पाणी’ म्हटलं आणि पेला हातात आला, की शब्दाला किंमत आली. मग तो पेलाही घरचाच हवा, स्टीलचा. केंद्रातला लाल प्लॅस्टिकचा नको. शब्द तोंडातून येत नसेल तर पेल्याचा फोटो द्या, हातानं दाखवायला शिकवा, पण मागितल्याबरोबर मिळालं पाहिजे आणि घरातल्या प्रत्येकाकडून मिळालं पाहिजे. हे सगळं विद्यार्थ्याला घरच्या माणसांशी त्यांच्या बोलीत बोलता येत असेल तरच जमतं. आमच्या विद्यार्थ्यांची ही जन्मजात ताकद आहे. ते त्याच तांड्यांवरून, त्याच वस्त्यांवरून आलेले आहेत. इंग्रजी नोट्स वाचता येत नाहीत म्हणून वर्गात मान खाली घालून बसणारी मुलगी लेकराच्या आजीशी बोलायला लागली की तिच्यासारखी दुसरी कुणी नसते. आम्ही अभ्यासक्रम असा रचायला हवा की ही ताकद उपयोगी पडेल.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याही परदेशी पाठ्यपुस्तकात येणार नाही. बीड जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या हजारो कुटुंबांची दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघायची वेळ येते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टोळी निघते, आणि मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप. अशा घरात विशेष गरजा असलेलं मूल असलं तर? एकतर ते आई-बापाबरोबर फडावर जातं, नाहीतर गावी आजीजवळ राहतं. ऑगस्टमध्ये सुरू झालेली थेरपी नोव्हेंबरमध्ये तुटते. केंद्र म्हणतं, पालक नियमित येत नाहीत. नियमित कसे येणार?

धारूर तालुक्यातल्या अशाच एका आजीबरोबर माझ्या एका विद्यार्थ्यानं काम केलं. अक्षर ओळख नसलेली बाई. नातू जेवताना ताट फेकायचा. विद्यार्थ्यानं तिला वहीत नोंदी करायला सांगितल्या नाहीत. दोन डबे दिले आणि ज्वारीचे दाणे. ताट फेकलं तर एका डब्यात दाणा, ताट सरकवून ‘नको’ अशी मान हलवली तर दुसऱ्यात. आठवड्यातून एकदा तो जाऊन दाणे मोजायचा आणि आलेख काढायचा. मान हलवली की आजी ताट लगेच उचलायची. एवढंच शिकवलं होतं, आणि ते तिला नीट करून दाखवलं होतं, तिच्याकडून करून घेतलं होतं, चुकलं तिथं लगेच सांगितलं होतं. टोळी परत येईपर्यंत आजीनं ते चालू ठेवलं. फडावरून आलेल्या आईला आजीनं स्वतः शिकवलं. आमच्या भागासाठी थेरपिस्ट घडवायचा तर त्याला दुसऱ्याला शिकवता आलं पाहिजे, हे मी त्या दोन डब्यांवरून सांगते. खोलीत एकट्यानं मुलाबरोबर पाऊण तास काढणं हे कामाचा लहान भाग आहे.

परीक्षेत हमखास येणारा आणि केंद्रांच्या माहितीपत्रकांत हमखास छापला जाणारा एक अभ्यास म्हणजे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांचा १९८७ चा. आठवड्याला चाळीसेक तास थेरपी, दोन वर्षांहून जास्त, १९ लहान स्वमग्न मुलं, त्यातली ९ पुढं नेहमीच्या शाळेत पहिलीत गेली आणि त्यांची बुद्धिमत्ता चाचणीही सर्वसाधारण आली. हे आकडे सांगून पालकांना आशा दाखवली जाते. पण मुलांची गटांत विभागणी चिठ्ठी टाकल्यासारखी निरपेक्ष केलेली नव्हती, आणि त्या पद्धतीत मोठ्यानं ‘नाही’ ओरडणं आणि क्वचित मांडीवर चापट मारणंही होतं, हे माहितीपत्रकात नसतं. मी हे दोन्ही शिकवते. या पद्धतीतून गेलेल्या आणि आता मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तींनी जे आक्षेप घेतले आहेत, तेही शिकवते: डोळ्यांत बघायची सक्ती का, हात हलवून आनंद दाखवणाऱ्या मुलाचे हात दाबून का धरायचे, ते हलणारे हात कुणाला त्रास देतात? हे प्रश्न रास्त आहेत. मुलाला काय शिकवायचं हे ठरवताना त्या मुलाचं भलं कशात, हा प्रश्न आधी आणि शेजाऱ्यांना काय वाटेल हा त्यानंतर, किंबहुना आलाच नाही तरी चालेल.

आणि चापटीबद्दल स्पष्टच लिहिते. शिक्षेनं वागणं तात्पुरतं दबतं, त्याचे वाईट परिणाम मागं राहतात, हे स्वतः स्किनर यांनी आयुष्यभर सांगितलं. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी घातली आहे. बंद खोलीतल्या थेरपीतही हात उगारायला जागा असता कामा नये. पालकांना आत बसू न देणारं केंद्र असेल तर पालकांनी ते सोडावं, असं माझं ठाम मत आहे.

कायदा आता पुढं गेला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याच्या अनुसूचीत ‘वर्तन विश्लेषक’ हा व्यवसाय नाव घेऊन नमूद आहे. त्याच कायद्याच्या आधारे यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवायला सांगितले. म्हणजे हे काम समोरासमोर शिकायचं आहे हे सरकारनंही मान्य केलं. दुसरीकडं अमेरिकेतलं वर्तन विश्लेषकांचं प्रमाणपत्र मंडळ, ज्याच्या नावावर आपल्याकडं बरेच वर्ग चालत, त्यानं २०२३ पासून मोजके देश सोडून बाहेरच्यांचे नवे अर्ज घेणं बंद केलं आहे. ते दार बंद झालं, आणि त्या जागी दोन-तीन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळांची प्रमाणपत्रं फ्रेम करून भिंतीवर लागू लागली आहेत. त्या अमेरिकन मंडळाच्या पूर्ण प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर शिक्षणाच्या जोडीला दीड ते दोन हजार तासांचं देखरेखीखालचं काम लागतं, हे त्या फ्रेमकडं बघताना आठवावं.

आपल्याकडं साधनं अगदीच नाहीत असं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत एम.ए.च्या पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, आलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली आहेत. शून्य ते अठरा वयाची, वाढीत मागं पडलेली मुलं तपासणीतून तिथं येतात. आमच्या विद्यार्थ्यांनी हे चार क्रेडिट कुठल्या तरी कार्यालयातून सही-शिक्क्याचं पत्र आणून पुरे करण्याऐवजी त्या केंद्रात, विशेष शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञांच्या शेजारी बसून पुरे करावेत. विद्यापीठ आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्यात करार झाला की हे याच वर्षी सुरू होऊ शकतं. अवघड आहे ते पुढचं: देखरेख कोण करणार? आमच्या विभागांमध्ये कायम शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि बराच भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. एखाद्या विद्यार्थ्याबरोबर तांड्यावर जाऊन आजीच्या अंगणात दुपार काढली तर तो तास कुठल्याच रजिस्टरात बसत नाही, आणि येण्याजाण्याचं एसटीचं भाडंही त्यांच्याच खिशातून जातं. तरी काही जण जातात. त्यांच्या भलेपणावर अभ्यासक्रम चालवणं योग्य नाही. क्षेत्रभेटीचा तास हा शिकवण्याचाच तास मोजला गेला पाहिजे आणि त्याचं मानधन मिळालं पाहिजे, ही माझी मागणी आहे आणि ती पैशाची मागणी आहे, हे मी लपवत नाही.

अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीत मी एक वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेचा मसुदा ठेवणार आहे: मराठीतून, निम्म्याहून जास्त वेळ मुलांबरोबर, जर्नलऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतःच्या हातचे आलेख, आणि तोंडी परीक्षेला मुलाचे पालकही बोलावलेले. ज्या शिक्षकांना, विशेष शिक्षकांना, पालकांना यात भर घालायची असेल त्यांनी आपल्या दैनिकाच्या याच सदरातून लिहावं. त्यातली सूचना मी मंडळापुढं नेईन.

तोवर पालकांना एक सांगणं. केंद्रात गेलात की महिन्यानं ‘प्रगती चांगली आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. लेकराच्या नोंदीचा कागद मागा, त्यावर कोणतं वागणं मोजलं जातंय ते आपल्या भाषेत समजावून घ्या, आणि घरी तुम्ही काय करायचं ते स्वतः करून दाखवायला सांगा. कागद नसेल तर थेरपी झालेली नाही.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. या केंद्रांच्या जाहिराती आपल्या अंकात येतात. ज्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मुलं राहणार त्या तज्ज्ञाचा भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला (सीआरआर) क्रमांक जाहिरातीत छापायची अट आपल्या जाहिरात विभागानं घालावी, आणि ‘तीन महिन्यांत मूल बोलेल’ अशी हमी देणारी जाहिरात घेऊ नये.

आपली,
मानसशास्त्राची एक प्राध्यापिका, परभणी
(नाव छापू नये, ही विनंती.)